साळूचा पितळी मोर

फार वर्षांपूर्वी, आसणीच्या माळावर विहिरींपेक्षा घोडी जास्त होती, तेव्हाची ही गोष्ट. गढीवरून बोलावणं आलं तेव्हा साळू जिनगरणीला वाटलं, खोगिराचा पट्टा तुटला असेल. म्हणून ती आरी आणि मेणाचा दोरा घेऊन निघाली. जाऊन पाहते तर खोगीर धडधाकट, आणि धारराव नाईकांच्या मांडीवर नवंकोरं पिस्तूल.

"याला चामड्याचं म्यान कर," नाईक म्हणाले. "कमरेला शोभेल असं. वर पितळेची नक्षी पाहिजे."

"कुणाला दाखवायला, नाईक?"

"खालच्या आसणीच्या कोंडाजीला. त्यानं आपल्या तळ्याचा बांध फोडलाय. म्यान झालं की बांधावर जातो आणि एकदाच दाखवतो."

कोंडाजी साळूचा व्याही. तिची एकुलती एक लेक तानू त्याच्याच घरात नांदत होती. पण नाही म्हणून काय होणार? नाईक पिस्तूल शेल्यात खोचून गेले असते.

नवरा गेल्यापासून त्याची आरी साळूच चालवत होती. तिनं बाभळीच्या सालीत मुरवलेलं म्हशीचं कातडं घेतलं, भिजवलं आणि पिस्तुलावर घट्ट ओढून वाळवलं. मग नाईकांना बोलावून पहिला टाका त्यांच्या हातून घालून घेतला. जिनगरांची रीतच तशी. पहिला टाका ज्याचा, वस्तू त्याची. मग ती टाकायची नाही आणि परतही करायची नाही. पुढचे टाके तिनं इतके बारीक घातले की, असं म्हणतात, त्यातून मुंगीलाही वाट मिळाली नसती.

तोंडावर तिनं पितळी मोर बसवला. म्यान बंद करायचा आकडाही तोच. एका हातानं मान दाबायची, दुसऱ्या हातानं पिसारा उचलायचा, तेव्हा म्यान उघडायचं.

"दोन-दोन हात कशाला गं?" नाईकांनी विचारलं.

"मोर एका हातानं कुणी धरलाय का, नाईक?"

नाईक हसले. मोर होताच देखणा. शिवाय पहिला टाका त्यांचा.

पुढच्याच सकाळी ते घोड्यावर बसून बांधावर गेले. समोर कोंडाजी उभा, मागे त्याची माणसं. शब्दाला शब्द लागला. नाईकांचा हात कमरेला गेला, पण मोर काही उघडेना. दुसरा हात लावायला त्यांनी लगाम सोडला. तेव्हा तो पितळी मोर केकाटला आणि दोन्ही गावांनी ऐकला, असं म्हणतात. लगाम सुटलेलं तहानलेलं घोडं मात्र सरळ पाण्याकडे निघालं.

कोंडाजीनं धावत जाऊन त्याचं तोंड धरलं. "पुढं गाळ आहे, नाईक. घोडं रुतेल."

मोर तोवर उघडला होता. पण आपलंच घोडं सांभाळणाऱ्या माणसावर पिस्तूल कसं रोखायचं? नाईकांनी पिसारा खाली केला.

संध्याकाळी ते साळूच्या दारात उभे राहिले.

"मुद्दाम केलंस."

"केलं."

"कोंडाजी उद्या शेल्यात पिस्तूल खोचून आला, तर माझे दोन हात पोचेपर्यंत तो मला लोळवेल. एका हातानं उघडेल असं दुसरं करून दे, नाहीतर गाव सोड. सकाळी सांग."

आजही पाणी वाटायच्या दिवशी दोन्ही आसणींची माणसं बांधावर जमतात. वरच्यांचं म्यान खालचे उघडतात, खालच्यांचं वरचे. आत पिस्तूल नसतं, बियाणं असतं. साळूच्या नावानं चामड्याला तेल लावतात आणि मगच तळ्याची मोरी उघडतात. कुणी तापला की आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, "आधी दोन्ही हात लाव."

पण ही सगळी पुढची गोष्ट. त्या सकाळी साळूजवळ फक्त उरलेलं कातडं होतं. ते घेऊन ती गढीवर गेली.

"नाईक, एका हाताचं माझ्याकडून व्हायचं नाही," ती म्हणाली. "तुमची भीती खरी आहे. म्हणून अगदी असंच दुसरं करते, कोंडाजीसाठी."

आणि उत्तराची वाट न पाहता ती खालच्या आसणीच्या वाटेला लागली, व्याह्याच्या हातून पहिला टाका घालून घ्यायला.