मुळं बघण्याचा दिवस

बागेच्या दगडी गडग्याच्या आतलं राज्य स्वच्छ होतं आणि तिथली माती मेलेली होती. वारा रोज सकाळी सगळा पाचोळा झाडून गडग्यापलीकडे लोटायचा. त्याच्यामागून चोखलेल्या कोयी, किडकी फळं, मोडक्या फांद्या जायच्या. आतली जमीन त्यामुळे पाटासारखी गुळगुळीत झाली होती, आणि बाहेरच्या उकिरड्यावर मात्र रोपं उगवायची. त्यांना पाणी कुणी घालत नसे. येणारीजाणारी गुरं त्यांचे शेंडे ओरबाडायची. आतली झाडं त्यांना नावानं नव्हे, ‘उकिरड्याची’ म्हणूनच ओळखायची.

हापूसराव त्या राज्याचे प्रमुख. मोठं घरंदाज कलम. त्यांच्या बुंध्याला वीतभर उंचीवर एक सांधा होता, त्याच्या वरची साल एक आणि खालची दुसरीच. तो दिसू नये म्हणून ते पायाशी मातीची भर घालून घेत. तरी सांध्याखालून अधूनमधून एखादी फूट डोकं वर काढायचीच. खुरपं ती निमूटपणे खुडून टाकायचं. खुरप्याला सांगितलं तेवढं करायची सवय होती आणि बोलायची नव्हती.

एका वर्षी हापूसरावांच्या कैऱ्या सुपारीएवढ्या असतानाच गळू लागल्या. राज्याचं नाव जायची वेळ आली. तेव्हा त्यांना उकिरड्याची दया आली.

“या पोरांना हात दिला पाहिजे,” ते म्हणाले.

एक वाफा तयार झाला. त्यात चिंचू नावाची चिंच आली आणि बिटकी नावाची आंब्याची पोर आली. बिटकी भिडस्त नव्हती. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, “हापूसराव, तो पाचोळा बाहेर टाकू नका. आम्ही त्याच्यावरच वाढलो.”

पाचोळा राहू दिला. रोपांच्या मधल्या जागेत ताग पेरला आणि फुलायच्या आत खत म्हणून तिथेच गाडला. हळूहळू गांडुळं परतली, माती हाताला भुसभुशीत लागू लागली, आणि हापूसरावांची गळ थांबली. वाफ्यानं पोरांचं किती भलं केलं, हे ते सगळ्यांना सांगू लागले.

ऐकून बगळे आले. पांढरेशुभ्र, एका पायावर उभे राहून दुसऱ्याच्या भल्याचा विचार करणारे. आता पाहुण्यांना काम दिसायला नको का? म्हणून रीत पडली: बगळे आले की खुरप्यानं रोपं अलगद उपटायची, मुळं धुऊन परडीत मांडायची आणि पाहुणे गेले की परत लावायची.

“केवढी वाढली हो!” बगळे म्हणायचे. हापूसराव पानापानांतून फुलून यायचे.

चिंचूनं काही खेपा सोसलं. मग एकदा परत लावल्यावर तिनं मान टाकली ती टाकलीच.

“जात्याच नाजूक होती,” हापूसराव म्हणाले. म्हणाले खरं, पण दिवसभर त्यांना वाफ्याकडे बघवेना. लाज वाटत होती. आणि लाजेवर त्यांना एकच उपाय ठाऊक होता: त्यांनी पायाशी आणखी दोन घमेली माती ओढून घेतली.

उन्हाळा लागला. एका सकाळी बगळ्यांचा निरोप आला तशी बिटकी काकुळतीला आली. “या खेपेला मला राहू द्या. सोटमूळ आत्ता कुठं ओलीला टेकलंय. तुटलं तर हा उन्हाळा मला निघणार नाही.”

“अगं, मुळं दिसली नाहीत तर त्यांना कळणार कसं, आपण तुझ्यासाठी काय केलं ते?”

ऐन दुपारी बिटकी परडीत आली. सोटमूळ मधोमध मोडलं होतं. बगळे वाहवा करत होते, आणि हापूसराव आभाळाकडे बघत होते.

तेवढ्यात एका बगळ्याची मान त्यांच्या बुंध्याकडे वळली. मातीच्या भरीतून एक तांबूस कोवळी फूट वर आली होती. त्यानं परडीत पाहिलं. बिटकीच्या शेंड्याला अगदी तीच पानं होती.

“हे उकिरड्याचं पोर राहिलंच की!” तो कौतुकानं ओरडला. “याचीही मुळं दाखवा ना!”

खुरपं थांबलं. हापूसरावांनी एक शब्द बोलायचा होता, ‘ती फूट माझी आहे,’ एवढाच. लाजेनं तो त्यांच्या तोंडून निघाला नाही. मालक गप्प म्हणजे होकार, असं समजून खुरपं कामाला लागलं.

भर उतरू लागली. सांधा उघडा पडला आणि त्याच्याखाली रायवळ आंब्याचं रापलेलं, काळपट खोड दिसलं, कधीकाळी कुणीतरी फेकलेल्या कोयीतून उगवलेलं. सगळे बगळे दोन्ही पाय टेकून बघत राहिले. खुरप्याचं पातं पहिल्या मुळाला लागलं.

“नको!” हापूसराव कळवळले. “मूळ नको उघडं करू!”

बोलल्यावर त्यांना कळलं, हे आज दुसऱ्यांदा म्हटलं गेलंय. त्यांनी परडीकडे पाहिलं. बिटकीची मुळं उन्हात सुकत होती.

“आधी तिला झाक,” ते हळूच म्हणाले.

“माती?” खुरप्यानं जन्मात पहिल्यांदा विचारलं.

“ही घे. माझ्या पायाशी आहे ती.”

बगळ्यांच्या देखत खुरपं ती माती ओंजळीएवढी-ओंजळीएवढी नेत राहिलं. बिटकीची मुळं झाकली गेली. हापूसरावांचा सांधा उघडाच होता, आणि त्याच्याखालची ती तांबूस फूट कुणी खुडली नाही.