उपाशी असेल त्याला गाडीत

एका गावात एक भोळा मामा होता. नाव म्हाळू. राहायचा बहिणीकडे, हौसाआक्काकडे. आक्काची लेक गंगू त्याला मामा म्हणे, म्हणून सारं गावही त्याला मामाच म्हणे. सांगितलेलं मामा कधी विसरत नसे. घोटाळा तोच होता.

मामाची एक कुत्री होती, भिंगरी. दरवर्षी ती गवताच्या गंजीखाली व्यायची. पिल्लं काही ट्रॅक्टरखाली जात, काही थंडीनं मरत. मामा एकेकाला बांधावर पुरून येई आणि त्या दिवशी जेवत नसे. शेवटी पोलीसपाटील म्हणाले, "मामा, ही आता पुन्हा व्याली तर पोत्यात घालून घाटाखाली सोडून येईन."

मामाला घास गिळवेना. शहरात कुत्रीचं ऑपरेशन होतं असं त्यानं ऐकलं होतं, पण तिथला खर्च आक्काला झेपणारा नव्हता. तेवढ्यात दर मंगळवारी चावडीपुढं दवाखान्याची एक गाडी येऊ लागली. गाडीतच ऑपरेशन, तेही फुकट.

मामा भिंगरीला घेऊन गेला. बिचारीला कापणार म्हणून निघताना तिला पोटभर दूधभाकर चारली. डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट चाचपलं.

"मामा, हिला उपाशी आणायचं. भुलीत उलटी झाली तर जीव जाईल. पोटात काही असलं तर मी गाडीत घेणारच नाही."

"कळलं, बाई. यायचं तर उपाशी यायचं."

त्याच आठवड्यात गंगूच्या लग्नाची बैठक होती. व्याही भर उन्हात आले आणि पाणी मागू लागले.

"आता नाही," मामा म्हणाला. "यायचं तर उपाशी यायचं."

व्याह्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. आक्कानं त्यांना सरबत पाजून सावध केलं आणि मामाला आत नेलं.

"अरे, दारात आलेल्याला आधी खाऊ घालावं. मग कामाचं बोलावं."

"कळलं, आक्का. दारात आल्यावर खाऊ घालावं."

पुढच्या मंगळवारी मामानं भिंगरीला गाडीच्या दारात गूळपोळी खाऊ घातली.

"मामा, उपाशी आण म्हटलं होतं ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"घरून उपाशीच आणली, बाई. दारात आल्यावर खाऊ घातलं."

बाईंनी कपाळाला हात लावला. "आता येताना तिचं तोंड फडक्यानं बांधूनच आण."

"कळलं, बाई. आणताना तोंड बांधावं."

मग आक्कानं मुहूर्त काढण्यासाठी मामाला गुरुजींना आणायला धाडलं. मामानं गुरुजींच्याच उपरण्यानं गुरुजींचं तोंड बांधलं आणि त्यांना वेशीतून घरी आणलं. उपरणं सोडल्यावर गुरुजींनी ते नीट घडी करून खांद्यावर टाकलं. मग हळूच म्हणाले, "आधी विचारावं रे, बाबा. विचारल्यावाचून काही करू नये."

"कळलं, गुरुजी. आधी विचारावं."

मुहूर्त निघाला तो नेमका मंगळवारचा. गाडीचाही तो गावातला शेवटचा मंगळवार. इकडे गावातले कुत्रे भिंगरीच्या मागं हिंडू लागले होते, आणि पाटलांनी पोतं झटकून ओट्यावर टाकलं होतं.

लग्नाच्या सकाळी आक्का म्हणाली, "म्हाळू, नीट ऐक. मारुतीच्या देवळातून नवरदेवाला मांडवात आण, आणि भिंगरीला गाडीत दे. आज काही चुकवू नकोस."

मामानं सगळे धडे मनात घोकले. भिंगरी मांडवामागं होती. तिच्या मिशांना बुंदी लागली होती.

"भिंगरे, पोटात काही आहे का?"

भिंगरीनं जीभ फिरवून तीही बुंदी आत घेतली. म्हणजे होतं. आता बाई हिला घेणार नाहीत. मामानं तिला जेवल्यासवरल्या पाहुण्यांत, मांडवात नेऊन पाटावर बसवलं आणि काळजीतच देवळाकडं गेला.

वऱ्हाडी नाश्त्याला गेले होते. नवरदेव एकटाच पायरीवर बसला होता. कपाळाला मुंडावळ्या, तोंडावर रेशमी रुमाल.

"जावईबापू, पोटात काही आहे का?"

"कुठलं, मामा. लग्न लागेपर्यंत उपास."

मामाचा जीव भांड्यात पडला. हा उपाशी होता. तोंड झाकलेलं होतं. विचारूनही झालं होतं.

"मग चला."

नवरदेवाला त्याच्या आत्यानं बजावलं होतं, मामा नेतील तिकडं मुकाट्यानं जायचं. तोही गुणाचा. गेला.

डॉक्टरीणबाई हात धुऊन वळल्या, तर टेबलावर नवरदेव.

"मामा, हे कोण?"

"उपाशी आहे, बाई. मी विचारून घेतलंय."

"तुझी कुत्री कुठाय?"

"ती जेवली. ती मांडवात आहे."

बाईंनी गाडी तशीच मांडवाकडं दामटली. अंतरपाटाच्या एका बाजूला गंगू मान खाली घालून हार घेऊन उभी होती. दुसऱ्या बाजूला पाटावर भिंगरी. गुरुजींनी डोळे मिटून मंगलाष्टकं सुरूही केली होती.

भिंगरीला उचललं, नवरदेवाला उभं केलं, आणि लग्न लागलं. बाई म्हणाल्या, "हिला मी आज ठेवून घेते. रात्री उपाशी ठेवते आणि सकाळी ऑपरेशन करूनच गाव सोडते."

पाटील खाकरले. "मग राहू दे कुत्री गावात." आणि पोतं उचलायला गड्याला सांगितलं.

मामानं बाहीनं डोळे पुसले. बाई निघताना त्याला म्हणाल्या, "मामा, आता शेवटचं ऐक. गाडीतून घरी आल्यावर वेगळ्या खोलीत ठेवायचं. उड्या मारू द्यायच्या नाहीत. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात मोठं काहीतरी अडकवायचं. टाके सुकेपर्यंत जोडीदाराला जवळ फिरकू द्यायचं नाही."

"कळलं, बाई."

वरातीची वेळ झाली तरी नवरदेव सापडेना. शोधत शोधत आक्का गवताच्या खोलीपाशी आली. दाराबाहेर गंगू शालू सावरून पायरीवर बसली होती. आत नवरदेव गवतावर बसला होता, आणि मधोमध भोक पाडलेली भली मोठी पत्रावळ त्याच्या गळ्यात होती.

"म्हाळू, हे काय?"

"हळू बोल, आक्का," मामा म्हणाला. "भिंगरी उद्या यायची आहे. गाडीतून आज हाच आलाय."