पाळीवरच्या पिंपळाची कहाणी

ऐक पाळमाये, तुझी कहाणी. बायांनो, तांदूळ बाजूला ठेवा, या कहाणीला चिमूटभर माती हातात धरायची असते. हसू नका, माझ्या आईनंही मातीच धरली होती.

आटपाट गाव होतं, गावाशेजारी तळं होतं. तळ्याला दगडाची भिंत नव्हती, नुसती मातीची पाळ होती. पाळीच्या वर तळं, पाळीच्या खाली ओढा, ओढ्याकाठी खालचं गाव.

गावात एक पाटलीण होती. ती पाळीचं व्रत करी. ज्येष्ठ सरत आला की बायांना घेऊन पाळीच्या पायथ्यानं अनवाणी चाले. पायाला गार लागलं की थांबे, वाकून पाणी बघे. निवळ असलं तर पाळ घामेजली म्हणे, हात जोडून पुढं जाई. गढूळ असलं तर आतली माती चालली म्हणे, गावाला हाक मारी. मग घुशीची बिळं बुजवी. मग उगवलेलं झाड उपटी, बाभूळ म्हणत नसे, वड म्हणत नसे. मग जादा पाणी जायचा सांडवा झाडून मोकळा करी. शेवटी सगळ्याजणी पाटी पाटी माती पाळीवर घालत, हातात हात धरून, गाणी म्हणत ती तुडवत. मग सांडव्याशी बसून भाकरी आणि लसणाची चटणी खात. तशी भाकरी पुढं कुठं मिळाली नाही, असं म्हाताऱ्या सांगत.

पाटलिणीची लेक भिवरा. आईच्या पावलावर पाऊल टाकत मागं चाले. मग ती मोठी झाली, खालच्या गावात दिली, तिला दोन लेकरं झाली. मग पाटलीण गेली. व्रत सुनेकडं आलं. सून सगुणा, गुणाची होती, पण कूस उजवली नव्हती.

पहिल्याच ज्येष्ठात पाळीवर पिंपळाचं रोप दिसलं. बायांनी हात घातला. सगुणा म्हणाली, देव आपल्या पायानं आला, त्याला उपटू नका. मूल होईपर्यंत याला पाणी घालीन, फेऱ्या घालीन. पिंपळाखाली घूस राहिली, तीही देवाची झाली. बाया माघारी गेल्या, माती तशीच राहिली.

मग दाराशी एक म्हातारी आली. अंग मातीनं भरलेलं, पाय ओले. म्हणाली, बाई, पाटीभर माती दे. सगुणा म्हणाली, पूजा आटपू दे. दुसऱ्या वर्षी आली, पाटीभर माती दे म्हणाली. सगुणा म्हणाली, आज उपास आहे. तिसऱ्या वर्षी आली. सगुणा म्हणाली, मूल होऊ दे, पाटी काय, गाडीभर देते. चौथ्या वर्षी म्हातारी आलीच नाही. सगुणेला बरं वाटलं.

श्रावण आला, तळं काठोकाठ भरलं. भिवरा लेकरं सासूजवळ ठेवून पंचमीला माहेरी आली. बाया फुगड्या खेळायला तळ्यावर निघाल्या. सगळ्या पाळीवरून चालल्या, भिवराचे पाय जुन्या सवयीनं पायथ्याला वळले. पायाला गार लागलं. तिला आई आठवली, डोळे भरून आले. डोळे पुसून वाकून बघितलं, तर पाणी गढूळ. वर बघितलं, तर नेमका पिंपळ. मग तिनं हाक मारली.

गाव गोळा झालं. भिवराचा भाऊ पाटील, तो म्हणाला, आज पंचमी, जमिनीला लोखंड लावायचं नाही, उद्या बघू. कुणी म्हणालं, चिखल थापून तोंड बंद करा. भिवरा आडवी आली. म्हणाली, तोंड दाबलं तर पाणी दुसरीकडून फुटेल. आई सांगायची, पाणी जाऊ द्यावं, माती जाऊ देऊ नये. आधी पाळीतली पाणी सोडायची मोरी उघडा, तळं उतरू द्या. ओढ्याची वाळू ओंजळीनं आणून इथं पसरा, वर खडी घाला. लोखंड लागत नाही, पंचमी मोडत नाही. पण पाणी उतरलं की पिंपळ मुळासकट काढायचा, मुळांच्या वाटेनंच पाणी येतंय.

सगुणा पिंपळाला मिठी मारून बसली.

"वन्सं, तुम्हांला दोन आहेत. मला हा एवढाच आहे."

भिवरा तिच्याशेजारी ओल्या मातीत बसली.

"वहिनी, पाळ फुटली तर खाली रडायलासुद्धा कुणी उरायचं नाही. माझी दोन त्यातच आहेत."

सगुणेनं खालच्या गावाकडं बघितलं. मग उठली. वाळूची पहिली ओंजळ तिनंच आणली. मग बाया पदर भरभरून वाळू आणू लागल्या. मोरी उघडली, पाणी धावलं. पायथ्याचं गढूळ पाणी हळूहळू निवळलं.

मग तळं उतरलं. सगुणेनं कुदळ कुणाला धरू दिली नाही. एकेक मूळ काढी आणि रडे. तिला कुणी गप्प बस म्हटलं नाही. मग खड्ड्यात चिकणमाती घातली, बाया तुडवायला उभ्या राहिल्या, तर गाणी कुणाला येईनात. भिवरा आठवून आठवून सांगू लागली. जिथं तीही विसरली, तिथं सगळ्या नुसत्या पाय आपटत राहिल्या.

सगुणेला मूल झालं का, असं तुम्ही विचाराल. माझी आई सांगायची, झालं. माझ्या सासूबाई सांगायच्या, नाही झालं. मी दोघींचं ऐकलंय, मला ठरवता येत नाही. पण दर ज्येष्ठात ती पायथ्यानं अनवाणी चालली, यात दोघींचं एकमत होतं.

आणि खालच्या गावात काय झालं? काही झालं नाही. धुणं धुणाऱ्या बाया म्हणाल्या, आज ओढ्याला पाणी जरा जास्तच आहे, आणि दोन पावलं मागं सरकल्या. पोरं जेवली, निजली, सकाळी उठून भांडली. सगुणेचं नाव तिथं कुणाला कधी कळलं नाही.

पाळमाये, खालच्या गावाला जसं काही झालं नाही, तसंच तुम्हांआम्हांला काही न होवो. साठा उत्तरांची ही कहाणी पाचा उत्तरांत सांगितली, सुफळ होवो, संपूर्ण होवो. हातातली माती टाकू नका, पाळीवर नेऊन घाला.