नऊ जणांपुढे एकटा राक्षस

सोसायटीचे सेक्रेटरी दाबके दर रविवारी फाशांचा खेळ मांडायचे. खेळातली गोष्ट तेच सांगायचे, गोष्टीतला राक्षसही तेच व्हायचे. बाकीच्यांनी आळीपाळीने फासे टाकून त्याच्याशी लढायचं. पण या रविवारी चौघे नवे आले, खेळाडू झाले नऊ, आणि राक्षसाचा नंबर लागण्याआधीच तो गार!

दाबके तडकले. "नऊ जणांपुढे एकटा कसा टिकणार? नवे चौघे पुढच्या रविवारपासून बंद!"

नव्यांत कमलिनीकाकू होत्या. खेळात त्यांच्या हाती आत्ता कुठे तलवार आली होती! त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, मीटिंगला तुम्ही एकटे, आम्ही चाळीस. तरी टिकताच ना? कारण कुणीही बोललं की लगेच तुम्ही बोलता. राक्षसालाही प्रत्येकाच्या फाशानंतर एक फटका मारू द्या की!"

हशा उसळला. दाबकेही हसले. मग नऊही जण खेळले, राक्षस चहा गार होईपर्यंत लढला, आणि त्याचं नाव पडलं सेक्रेटरी.