दोन सूत ढील

ताठ राहिलेलाच कामाचा, असं तुम्हालाही वाटतं का? फार पूर्वी सदावर्ते मास्तरांच्या जुन्या फटफटीतल्या क्लचच्या तारेला तसंच वाटायचं. मुठीपासून इंजिनापर्यंत ती अष्टौप्रहर ताणलेली असे. तिच्या ओढीमुळे आतल्या क्लचप्लेटा एकमेकींना घट्ट धरू शकत नसत. चढावर त्या घसरत, घासत आणि जळत.

“ताई, दोन सूत ढील दे गं,” धाकटी प्लेट कळवळून म्हणाली. “हात सुटतोय आमचा. जळतेय मी.”

“ढिली पडू? मी काय चपलेचा बंद आहे?” तार फणकारली.

एके दिवशी गॅरेजात याकूब मिस्त्रीने क्लचची मूठ दाबून पाहिली. “मास्तर, तार फार ताणलीय. थोडी ढील ठेवू द्या, नाहीतर प्लेटा जातील.”

मास्तरांचा जन्म कवायत शिकवण्यात गेला होता. “ढिलाई आमच्याकडे चालत नाही! आवळ अजून.”

मिस्त्रीने मुकाट्याने आवळली. त्या संध्याकाळी मास्तर घाट चढून घरी आले. तार खूश होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू झालं, पण प्लेटा जळून गेल्या होत्या आणि गाडी जागची हलली नाही.