बारा टोकांची तार

"मग प्रत्येक खोलीत एकेक बसवला, तर त्यात चुकलं काय?"

शर्वरीचा आवाज चढला होता. समोर दस्तगीर मुलाणी भिंतीला टेकून उकिडवे बसले होते.

तासगावजवळच्या त्या शीतगृहात बेदाण्याच्या अकरा खोल्या. प्रत्येकीत तापमानाचा मीटर, आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरपासून निघून सगळ्या मीटरांना जोडत अकराव्या खोलीपर्यंत गेलेली एकच तार.

आठवडाभर पडद्यावरचे आकडे मध्येच गडबडत होते. नव्या इंजिनिअर शर्वरीनं कारण अचूक ओळखलं होतं. मीटरचा निरोप तारेच्या टोकावर आपटून माघारी येतो आणि मागून येणाऱ्या निरोपात मिसळतो. टोकाला रेझिस्टर, म्हणजे छोटासा रोधक, बसवला, की निरोप तिथंच विरतो.

तिनं बारा बसवले. कॉम्प्युटरपाशी एक, अकरा खोल्यांत अकरा.

सकाळपासून एकही मीटर बोलत नव्हता. वॉचमन थर्मामीटर घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होता. आणि मालकांनी, तिला न विचारता, इथूनच निवृत्त झालेल्या वायरमन दस्तगीरचाचांना घरून बोलावून आणलं होतं. तेच तिला लागलं होतं.

"पोरी, तार सुरू कुठं होते?"

"कॉम्प्युटरपाशी."

"संपते कुठं?"

"अकरावीत."

"आणि पाचवीत?"

"पाचवीत..."

शर्वरीनं नजरेनं तारेचा माग काढला. आत कुठंतरी पंखे घुमत होते.

"पाचवीतनं... पुढं जाते."

चाचांनी तळहात पुढं केला.

ती उठली. पहिल्या खोलीतला रेझिस्टर काढताना तिचे कान तापले होते. चौथीपर्यंत थंडीनं बोटं बधिर झाली. सातवीत वॉचमननं टॉर्च धरला. दहावी झाली. अकरावीच्या दारात ती स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभी राहिली...

आणि आत न जाताच परत फिरली.

चाचांच्या तळहातावर तिनं दहा रेझिस्टर ठेवले.

पडद्यावर पहिल्या खोलीचा आकडा उमटला. मग दुसरीचा. तिसरीचा. एकेक करत अकराही आले. सातवी दोन अंशांनी चढली होती. दार नीट लागलं नव्हतं. वॉचमन तिकडं पळाला.

शर्वरीनं सुटकेचा श्वास सोडला. तरी तिला राहवेना. तिनं मल्टिमीटर काढला आणि चाचांच्या हातातले रेझिस्टर एकेक उचलून तपासू लागली. एखादा तरी सदोष निघेल...

दहावा तिनं जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"चाचा, ह्यांतला एकही खराब नाही हो. सगळे निरोप विरवायचं आपलं काम चोख करत होते."

"म्हणूनच तर सगळं बंद पडलं, पोरी."