टिकलगडाचा मान आणि दगडी दरवाजा

एक होतं राज्य. राजाही होता, पण तो मागाहून येईल. राज्य आधी, कारण ते एवढंसं होतं की संध्याकाळी राजा अंगणात उभा राहिला तर पाय आपल्या राज्यात आणि सावली शेजाऱ्याच्या राज्यात. हसू नका रे, खरंच सांगते. त्या राज्याचं नाव टिकलगड. राजाचं नाव गोमाजी, राणीचं गोदराणी, आणि त्यांची एकुलती एक लेक पोवळी.

पोवळीला दिली शेजारच्या राज्यात. लांब नाही हो, सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला पोचावं एवढंच. पण झालं काय, लग्नाची हळद उतरते न उतरते तोच पलीकडच्या सात राजांनी आपली मोट बांधली. मोट म्हणजे एकी, बरं का. सात जणांचं मिळून एक मोठं राज्य, आणि पोवळीचं सासर त्यातलंच एक. आतल्या आत कुणीही कुठेही जावं, कुणी अडवायचं नाही. पण मोटेभोवती त्यांनी घातली एक भिंत. ती इतकी उंच की कावळासुद्धा मध्ये टेकून, दम खाऊन मग पलीकडे जायचा. आतली माणसं आत, बाहेरची बाहेर. आणि आमची पोवळी राहिली आत.

भिंतीला एक भोक होतं, लाडवाएवढं. गोदराणी रोज तिथे जायची. लाडू पलीकडे ढकलायची आणि मग भोकाला डोळा लावायची. पलीकडून लेकीचा एक डोळा दिसायचा. "आता दुसरा दाखव गं," राणी म्हणायची. मग पोवळी दुसरा दाखवायची. दोन्ही एकदम काही दिसायचे नाहीत. राणी घरी येऊन पदर डोळ्यांना लावायची.

भिंतीत एक दगडी दरवाजा होता, आणि तो बोलायचा! वर्षातून एकदाच, अक्षय्य तृतीयेला. बाहेरच्या राज्यातलं कुणी समोर उभं राहिलं की विचारायचा, "येता का मोटेत?" होय म्हटलं की उघडायचा. नको म्हटलं की वर्षभर गप्प. एकदाच विचारायचा मेला. दगडाला काय रीतभात!

मग टिकलगडात सभा बसली. मोटेत जायचं की नाही?

भागूआत्या म्हणाली, "मुळीच नाही. तिथे म्हणे सगळ्यांनी एकाच घंटेला उठायचं. माझी झोप मी कुणाला देणार नाही."

आचारी म्हणाला, "भाकरीसुद्धा एकाच मापाची थापायची म्हणे. मग माझ्या हाताला काय किंमत?"

प्रधान होते दाजीबा, मोठे धोरणी. ते म्हणाले, "आपला राजा आठवा बसणार. पंगतीत आठव्या पानापर्यंत तूप पोचतं का, ते आधी सांगा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तुपाचा मुद्दा भारीच होता.

मग गोदराणी उठली. "तुम्हाला तुपाची पडली आहे," ती म्हणाली. "माझ्या लेकीचं तोंड मी लग्नापासून अख्खं पाहिलेलं नाही. कपाळ कसं होतं तेही विसरायला झालंय." आणि ती सभेतच रडली. मग काय, भागूआत्याही रडली, आचारीही रडला. दाजीबा नाक पुसत म्हणाले, "जाऊ या. पण मान राखून हं."

इथेच घोटाळा झाला, मुलांनो. टिकलगडात मान राखायची एक रीत होती. कुणी काही विचारलं तर पहिल्यांदा म्हणायचं "नको". दुसऱ्यांदा म्हणायचं "आत्ताच झालं". तिसऱ्यांदा म्हणायचं "बरं, तुमचा एवढा आग्रहच आहे तर". पहिल्या विचारण्याला होय म्हणणारा म्हणजे अधाशी. त्याच्या घरात कुणी मुलगी देत नसे.

तर अक्षय्य तृतीयेला गोमाजी राजा वाजतगाजत गेला. दरवाजा म्हणाला, "येता का मोटेत?"

राजा गोड हसला. "छे छे! कशाला उगाच तुम्हाला त्रास?" आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत उभा राहिला.

दरवाजा गप्प. राजा संध्याकाळपर्यंत उभा होता. शेवटी सावली शेजारी गेली, राजा घरी आला.

दुसऱ्या वर्षी दाजीबा गेले. राजाला म्हणाले, "महाराज, तुम्ही भोळे. मी पटकन होय म्हणतो की नाही बघा." सगळ्या वाटेने "होय, होय" घोकत गेले. दरवाजाने विचारलं, "येता का मोटेत?" आणि दाजीबांच्या तोंडून काय निघावं? "आमचं आत्ताच झालं हो!"

झालं! गेलं आणखी एक वर्ष.

तिसऱ्या वर्षी भोकातून पोवळी म्हणाली, "आई, मला दिवस गेलेत." आता पहिलं बाळंतपण कुठे करतात? माहेरी! ही तर पलीकडे, आणि बाळ काही भोकातून यायचं नाही. गोदराणी म्हणाली, "या खेपेला मी जाते."

मग अख्ख्या राज्याने होय म्हणायचा सराव केला. आणि काय गोंधळ उडाला म्हणून सांगू! पूर्वी कुणी जेवत असलं आणि वाटेने कुणी चाललं की घरातून हाक यायची, "या जेवायला." वाटसरू म्हणायचा, "होऊ द्या, होऊ द्या." आता वाटसरू म्हणायचा "होय" आणि चपला काढून आतच! भागूआत्याने एका सकाळी सात जणांना सहज विचारलं आणि सातही जण पाटावर येऊन बसले. घरात भाकरी तीन. आत्याने महिनाभर दार लावून जेवण केलं. आणि राणी? तिला राजाने शंभरदा विचारलं, "येता का?" शंभरदा ती म्हणाली, "नको." लहानपणापासूनची जीभ ती, वळतेय कुठली!

अक्षय्य तृतीया आली. पोवळीला नववा लागलेला, तरी ती पलीकडून भिंतीशी येऊन बसली होती. राणी दरवाजासमोर उभी राहिली. मागे सगळं टिकलगड श्वास रोखून.

"येता का मोटेत?"

राणीने तोंड उघडलं. "न..."

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. "आई गं! आई!"

पोवळीला कळा सुरू झाल्या होत्या. गोदराणीच्या तोंडातला नकार तोंडातच विरला. "होय!" ती ओरडली. "अरे होय! मेल्या, होय म्हणते ना!"

आता बघा हं. दरवाजाला आजवर कुणी तीनदा होय म्हटलेलंच नव्हतं. पहिल्या होयला तो किलकिला झाला. दुसऱ्या होयला सताड उघडला. तिसऱ्या होयला आणखी कुठे उघडणार? बिजागऱ्यांतून निखळला आणि धाडदिशी आडवा झाला. तो परत कधी उठलाच नाही.

सात राजे धावत आले. सगळ्यात थोरला राजा म्हणाला, "नियम असा आहे की नवं राज्य आत आलं की दरवाजा बंद करायचा. आता दरवाजाच नाही. मग टिकलगड मोटेत आलं की नाही आलं?" त्यावर ते वाद घालू लागले. दाजीबाही त्यांच्यात जाऊन बसले. तुपाचं विचारून घेतलं म्हणे.

राणीला कुठला वेळ? तिने लेकीला डोलीत घातलं आणि आडव्या दरवाजावरूनच डोली घरी आणली. दिवेलागणीला पोवळीला मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, आणि आवाज तर असा की भागूआत्याला घंटा नसतानाही जाग आली.

दुसऱ्या दिवशी पोवळी पाटावर बसली. पुढे मऊ भात. गोदराणी तुपाची वाटी घेऊन आली आणि लेकीकडे बघत उभी राहिली. कपाळ बघितलं. दोन्ही डोळे बघितले, एकदम. मग तिने तूप किती घालू, घालू की नको, काही काही विचारलं नाही. नुसतं वाढलं. वाढतच राहिली.

मग सगळी सुखाने नांदली, भिंतीच्या अल्याड आणि पल्याडही. चला, पाय पांघरुणात घ्या पाहू. कुशा, तुझा अंगठा बाहेर आहे. आणि वेणू झोपली वाटतं. झोपू दे, तिला उठवू नका.